माझ्या नवऱ्याच्या लग्नात मीच गायली

माझा म्हायेर उरनच्या अंगाला, मिठागरावरचा गाव. आयस माझी धवलारीन, मंजे आमच्या आगऱ्यांत लग्नाला जी बाय धवले गाऊन एकेक विधी पार पाडते ना, ती. तिच्या मागं फिरून फिरून मीपन शिकली. देशाचा झेंडा लागला त्या सालाला माझा लगीन झाला, सासरच्या गावात धवलारीन न्हवती, मंग हलद असो, मांडव असो, मीच. धवलारनीनं गायल्याबिगर नवरदेवाला हलद लागत न्हाय आमच्यात.

काय सांगू तुमाना मास्तरनीबाय, लिवून घेताय तर घ्या, नऊ वर्सा झाली, पोर न्हाय. देव झाले, वैद झाले. नवरा वाईट न्हवता, पन आयशीपुढं त्याचा तोंड उघडत न्हवता. सासू बोल्ली, दुसरी करू. माना इचारला न्हाय, सांगला. आनी वर बोल्ली, धवला तूच गा, भायेरची बाय आनली तर लोका बोलतील घरात भांडान हाय. मी काय केला? हसली. व्हय बोल्ली. त्या हसन्याचा माना अजून राग येतो.

आता बघा, आमी बाया नवऱ्याचा नाव घेत न्हाय, उखान्यात घेतला असल तेवढाच. पन धवल्यात नवरदेवाचा नाव घ्यायलाच लागतो, परत परत. समोर पाटावर माझाच नवरा. नाव तोंडाशी आला नी मी धवला मधीच तोडला. बाया खदाखदा हसल्या, बघा गो, कशी लाजली. लाजली! मेल्यांनो, माझा जीव जात होता. पन मी पदर तोंडाला लावला, लाजल्यासारखा केला, आनी गायली. दामा नवरा, दामा नवरा, करत दोन दिस गायली. त्यानी एकदाबी वर बघला न्हाय.

मंग गावभर झाला, बाय असावी तर अशी, मन केवढा मोठा. सवतीला पोरगा झाला, माना मोठी आय बोलतो, त्याच्यावर माझा राग न्हाय, त्याला मीच न्हावला, भरवला. पन त्या मोठ्या मनाच्या नावानी लोकांनी माझा तोंड शिवला. जरा आवाज चढला का लगेच, अगो, तूपन? मंजे माना रागबी येऊ नये?

परवा एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेलापन पोर न्हाय, म्हून पोराला दुसरी करायची होती. ती सासू बोल्ली, हिला समजाव, तू कशी गायलीस ते सांग. सून खाली बघून हसत होती, अगदी माझ्यासारखी. माझी तलपायाची आग मस्तकाला गेली. मी बोल्ली, पोरी, मी खोटी गायली. माना रडायचा होता. तुला रडू आला तर भर मांडवात रड, कोनाच्या बापाला भिऊ नको. सासू सुनेला वढत घेऊन गेली.

सवत दारात उभी होती, तिनी समदा ऐकला. माना वाटला, आता ही रुसनार. ती बाजूला येऊन बसली नी बोल्ली, बाय, माना कुठं यायचा होता या घरात? बापसानी ढकलली. मांडवात रडनारच होती, पन तू एवढी हसून गात होतीस, मंग मी कशी रडू?

देव तुमचा भला करो मास्तरनीबाय, लिवा हा पन. तिला मी गप बसवला होता, मी.