आवाज गेला, सवाऱ्या गेल्या

...नाही, दुरुस्त करूच नका. कुणाच्या मोटरचं चाक ओरडत असेल तर ओरडू द्या, हात जोडून सांगतो. मी वहाब, नवापूर ते विसरवाडी सवाऱ्या नेतो. मोटर जुनी, माझ्याआधी दोघांनी पिदडलेली, आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज कसा, तर कुंईऽऽ कुंईऽऽ, मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा. वर ते चाक पडायला आलेल्या दातासारखं हलायचं. म्हणजे बेरिंग गेलं. एखाद्या दिवशी चाक पुढे आणि आम्ही नाल्यात. म्हटलं, घरीच बदलून टाकू. आता सांगा, माझं काय चुकलं?

सुरतेहून बेरिंग मागवलं, मोटर अंगणात घेतली, पुढची बाजू ठोकळ्यांवर चढवली, तोवर शेजारचा रूपचंद हजर. त्याच्याकडे बैलगाडी. तुम्हाला सांगतो, ज्याच्याकडे बैलगाडी त्याला सगळी चाकं सारखीच. "एरंडीनं तेल टाक ना भो, चाक कशाले खोली ऱ्हायना?" म्हटलं, बाबा, आत छर्रे असतात. "मंग छर्रासवर टाक." बरं, मधला नट सुटेल तर शपथ. मी पान्ह्याला लोंबकळलो, तो लोंबकळला, दोघं मिळून वर उभे राहिलो... शेवटी रूपचंदचा पाय घसरला, पान्ह्याला उलट्या बाजूने लाथ बसली आणि नट सुटला. त्या चाकाचे आटेच उलटे. सकाळपासून आम्ही घाम गाळून तो आवळत होतो. मग जुनं बेरिंग छिन्नीने ठोकून काढलं, त्यात ते फुटलं, नव्यात वंगण भरलं, बसवलं, चाक फिरवलं, तर नुसतं फिरतंय. आवाज म्हणून नाही. मला इतकं बरं वाटलं की मी रूपचंदला चहा पाजला. माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी निघालो, तर चिंचपाड्याच्या फाट्यावर चिटपाखरू नाही. अहो, तिथे घड्याळ कुणाकडे आहे? माझं चाक लांबवर ओरडलं की लोक भाकरी बांधायचे, टोपल्या उचलायचे, रस्त्यावर यायचे. पुढे रूपलीबाई झोपडीच्या दारात बसलेली, ही दर बाजाराला माझ्याच मोटरने जाणार. थांबलो, म्हटलं, चल. तर म्हणते, "वहाबदादानी मोटर ईच आते, मी तीमाच जासू." अगं, मीच वहाब. तिने मला पाहिलं, मोटर पाहिली. "तोंड तं तुन्हंच शे, पन मोटर तुन्ही नई. त्यानी मोटर रडस." आणि बसली नाही ती नाहीच.

आठवडाभर हेच. भोंगा वाजवून पाहिला, बकऱ्या बाजूला झाल्या, सवारी एक आली नाही. डब्यात पीठ तळाला गेलं आणि मला खरंच धास्ती बसली. माझी बायको हाजराबी, जी त्या आवाजाला रोज शिव्या द्यायची, तीच आता पीठ खरवडत म्हणते, "आवाज बंद किया ना, अब चूल्हा भी बंद होगा." घ्या. माझं काय चुकलं, तेवढं तरी कुणी सांगा.

मग काय करणार... आता वस्ती जवळ आली की मी डोकं बाहेर काढतो आणि स्वतःच ओरडतो. कुंईऽऽ कुंईऽऽ. चढावर लांब, उतारावर आखूड, पूर्वी चाक ओरडायचं तसंच. मोटर भरून जाते, अगदी टपावर माणसं. घरात पीठ आहे. घसा मात्र पार गेला.

परवा तर सर्दी, आवाज घोगराच निघाला. मोटर थांबली, रूपलीबाईने टोपली आत सरकवली, चाकाकडे वाकून पाहिलं आणि मोठ्या मायेने म्हणते, "दादा, आज तुन्हं चाक बराबर रडी नई ऱ्हायनं. त्याले दुरुस्त करी ले."

म्हटलं, करतो बाई, घरी गेल्यावर काढा घेतो.