तळ्याचा झोका

(इंजिनाची लाकडी नाव तळ्याच्या उथळ टोकाला पंख्यासकट चिखलात रुतली आहे. नावेत मावशी, तिची भाची टिटवी आणि शाळेचे नवे बाक. मामा, म्हणजे मावशीचा भाऊ बाळ्या, तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, धरणावर दरवाजे सांभाळतो. त्याच्याशी बोलणं वायरलेसवरून.)

मावशी : खोटं बोलू नकोस, बाळ्या! दरवाजा उघडल्याशिवाय पाणी जातं कुठे?

मामा : अक्का, पुन्हा एकदा कळवतो. धरणाचे सगळे दरवाजे बंद आहेत. कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. ओव्हर.

मावशी : ओव्हर गेलं खड्ड्यात. दुपारी बाक भरून झाले तेव्हासुद्धा नावेखाली चार बोटं मोकळं पाणी होतं. आता शेजारून बगळा चालत गेला! चालत! वर माझ्याकडे बघून मान वाकडी केली त्याने.

मामा : बगळ्याला मी काय करू? ओव्हर.

मावशी : लहानपणी दुधावरची साय गायब झाली की मांजराने खाल्ली म्हणायचास. आपल्याकडे मांजरच नव्हतं.

मामा : अक्का, वायरलेसवर घरगुती भांडणाला मनाई आहे. ओव्हर.

टिटवी : मामा, मी बोलते. मावशीने माझ्या हातात दिलाय. म्हणजे दिला नाही, फेकला.

मामा : बोल टिटवे. तू तरी शहाण्यासारखी बोल. ओव्हर.

टिटवी : तुम्ही नेहमीसारखे पाचलाच दरवाजे उघडणार का?

मामा : पाचच्या ठोक्याला. आधी भोंगा, मग दरवाजे. त्यात बदल नाही.

मावशी : विचार त्याला, एक दिवस उशिरा उघडले तर आभाळ कोसळेल का!

मामा : ऐकू आलं. अक्का, खाली पाटाच्या कडेला गावंच्या गावं उभी आहेत. रोपांनी माना टाकल्यात. तुझ्या नावेसाठी मी त्यांना काय सांगू? आणि तू माझ्या जागी असतीस तर थांबली असतीस?

मावशी : ... नसते थांबले. पण म्हणून तू आधीच चोरून सोडायचंस?

मामा : सोडलं नाही!

टिटवी : मावशी, पाचनंतर नाव निघणारच नाही का?

मावशी : सकाळपर्यंत ही जागा कोरडी पडेल. मग पुढच्या पावसापर्यंत नाव उन्हात. लाकडी नाव पाण्यात आहे तोवर नाव. उन्हात वाळली की फळ्या फाकतात, मधून हात घालता येतो. मग ती नाव नसते गं, सरपण असतं.

टिटवी : मग पलीकडच्या वस्तीतली मुलं शाळेत कशी येणार?

मावशी : डोंगराला वळसा घालून. सकाळी निघतील, पोचेपर्यंत शाळा सुटलेली असेल.

मामा : टिटवे... अक्का जरा लांब आहे का?

टिटवी : ती वल्ह्याने चिखल उकरतेय.

मामा : एक सांगतो, हसू नकोस. इथे भिंतीवर पट्टी रंगवलेली आहे ना, पाणी मोजायची? दुपारी वारा पडल्यापासून त्या पट्टीवर पाणी चढलंय.

टिटवी : चढलंय?

मामा : चांगलं तीन बोटं. पाऊस नाही, ओढे आटलेत, आणि पाणी चढलंय. मी कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतील, याला ऊन लागलं.

टिटवी : थांबा. थांबा थांबा. तुमच्याकडे चढलंय आणि आमच्याकडे उतरलंय. मामा, सकाळपासून वारा कुठून कुठे वाहत होता?

मामा : माझ्याकडून तुमच्याकडे. टोपी उडून तळ्यात गेली माझी. अजून सापडली नाही.

टिटवी : मावशी! ए मावशी! उकरणं थांबव!

मावशी : काय झालं? साप?

टिटवी : पाणी कुणी सोडलं नाही. वाऱ्याने सकाळभर पाणी ढकलून आपल्या टोकाला गोळा केलं होतं. ते जास्तीचं पाणी बघून आपण इतक्या आत आलो आणि बाक भरले. वारा पडला, आणि ते परत मामाकडे गेलं.

मावशी : एवढं मोठं तळं काय उठून चालत जातं?

टिटवी : भरलेलं घमेलं उचलून मी चालायला लागले की काय होतं?

मावशी : माझं अंगण भिजतं.

टिटवी : आणि मी थांबले तरी?

मावशी : तरी आतलं पाणी या काठाला, त्या काठाला करत राहतं आणि... हं.

टिटवी : हं!

मावशी : हं म्हणजे मी मानलं असं नाही. मग डोंगरावरच्या गोल तळ्यात असं कधी दिसलं नाही ते? तिथे काय वारा नसतो?

टिटवी : ते लहान आहे आणि खोल आहे. तिथे होतही असेल, पण केसभर. आपलं तळं लांबलचक आणि उथळ. परातीसारखं. परातीतलं पाणी जास्त हेलकावतं, तांब्यातलं नाही.

मामा : म्हणजे माझी पट्टी बरोबर आहे! टिटवे, मला ऊन लागलेलं नाही! ओव्हर!

मावशी : त्याबद्दल अजून चौकशी बाकी आहे. बरं, गेलं पाणी त्याच्याकडे. पुढे?

टिटवी : पुढे ते परत येणार.

मावशी : तुला काय माहीत?

टिटवी : माहीत नाही, बघायचंय. मघाशी पाण्याच्या कडेला बरोबर रेषेवर मी काठी रोवली होती. उगाचच, कंटाळा आला म्हणून. ती बघ कुठे आहे.

मावशी : पाण्यात. दोन पावलं आत.

टिटवी : मी हलवलेली नाही.

मावशी : बगळ्याने?

टिटवी : मावशी!

मावशी : बरं बाई. बाळ्या, तुझ्या पट्टीवर काय दिसतंय?

मामा : उतरतंय! भिंतीवर ओली रेघ उघडी पडलीय. अक्का, उतरतंय इकडे!

मावशी : मग उभी काय राहिलीस? उतर, मागून खांदा लाव! आणि ते लाइफ जॅकेट घट्ट बांध. एक, दोन, हेऽऽ!

टिटवी : हलली!

मावशी : हलली नाही, कुरकुरली. पुन्हा! हेऽऽ!

टिटवी : माझी चप्पल गेली.

मावशी : जाऊ दे. हेऽऽ! अगं, टोक उचललं गेलं, पण बूड सोडत नाही.

मामा : अक्का, इकडे उतरायचं थांबलं. आता पुन्हा चढतंय.

मावशी : म्हणजे आपल्याकडून निघालं. गेलं. हातातोंडाशी आलं आणि गेलं.

टिटवी : परत येईल.

मावशी : पाचच्या आधी?

टिटवी : एकदा. जेमतेम. पण मावशी, खरं सांगू का? या वेळी जरा कमी येईल. प्रत्येक झोक्याला थोडं थोडं कमी होत जातं. कुणी ढकलत नसलं की पाळणा थांबतो तसं.

मावशी : एवढ्या पाण्यात हलली नाही, आणि पुढचं याहून कमी. वा! छान बातमी दिलीस.

टिटवी : म्हणून नाव हलकी करायची.

मावशी : नावेत आहे काय हलकं करायला? तू, मी आणि...

टिटवी : बाक.

मावशी : नाही.

टिटवी : मावशी...

मावशी : नाही म्हटलं ना! नवे कोरे बाक आहेत. सुताराने काल पॉलिश केलंय, अजून वास येतोय. शाळेच्या बाईंना मी शब्द दिलाय, पाण्याचा थेंब लागू देणार नाही. आणि चिखलात टाकू?

टिटवी : चिखलात नाही, पाण्यात. लाकडाचे आहेत, तरंगतील. दोरीने एकमेकांना बांधू आणि मागून ओढत नेऊ.

मावशी : रंग जाईल.

टिटवी : मावशी, बसणार कोण आहे त्यांच्यावर? मीच ना? दोन वर्षं झाली मी त्या शाळेत जमिनीवर बसते. रंग गेलेला बाक मला चालेल.

मामा : अक्का, मधे बोलतोय, माफ कर. शाळेत येणारी मुलं तुझ्याच नावेतून येतात. नाव गेली तर कोऱ्या बाकांवर बसणार कोण? ओव्हर.

मावशी : ... दोघं एका बाजूला झालात का? बरं. घे ते टोक. हळू. पाठ सरळ ठेव, कंबर मोडून घेशील. पाण्याच्या बाजूने खाली सोड.

टिटवी : तरंगला! बघ, पाय वर करून तरंगला!

मावशी : अगदी तुझ्या मामासारखा. असाच शिकला तो पोहायला.

मामा : मी ऐकतोय.

मावशी : म्हणूनच बोलले. टिटवे, गाठ अशी नाही, दुहेरी. आता पुढचा घे.

टिटवी : मावशी, ढकलण्याऐवजी ओढता नाही का येणार? मागून ढकललं की आपलेच पाय रुततात.

मावशी : ओढायला समोर कोण उभं आहे?

टिटवी : नावेचा नांगर. तो पुढे खोल पाण्यात नेऊन टाकायचा आणि नावेत बसून दोर ओढायचा.

मावशी : हे मात्र मला तुझ्याकडून शिकायची गरज नाही. माझ्या सासऱ्यांनी असंच केलं होतं एकदा. मला आधीच सुचायला हवं होतं, पण मी बाळ्यावर ओरडण्यात गुंतले होते. आण इकडे नांगर. नाही, तू नाही, तिथे कमरेपर्यंत चिखल आहे. तू दोर सोडत राहा.

टिटवी : मावशी, जपून!

मावशी : अगं, या तळ्यातला चिखल मला तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो. सोड दोर. अजून. अजून सोड. हां... टाकला!

टिटवी : आता किती वेळ?

मावशी : मला काय विचारतेस? तळं तुझं.

टिटवी : मामा, पट्टीवरून डोळा काढू नका. तुमच्याकडे पाणी चढायचं थांबलं की सांगा. मग उतरायला लागेल. आणि उतरायचं थांबेल तेव्हा आमच्याकडे सगळ्यात जास्त असेल. तेव्हा जोरात ओरडा.

मामा : समजलं. चढायचं थांबलंय. आत्ताच. ओव्हर.

मावशी : बाळ्या, नीट बघ हं. तू चुकलास तर आम्ही उतरत्या पाण्यात दोर ओढत बसू.

मामा : पोटावर झोपलोय मी भिंतीवर, नाक पट्टीपासून वीतभर. चौकीदार विचारतोय, साहेब बरे आहात ना.

मावशी : त्याला सांग, नव्हता, आता बरा होतोय.

मामा : उतरतंय... हळूहळू उतरतंय... अक्का, मला मधेच भोंगा द्यायला उठावं लागेल. वेळ होत आलीय.

टिटवी : किती उरलाय?

मामा : थोडा. उतरतंय अजून. तुमच्याकडे?

टिटवी : काठीपर्यंत आलं. काठी ओलांडली. मावशी, नावेखालून बुडबुडे येतायत!

मावशी : येऊ दे. दोर नावेतल्या खांबाला एक वेढा घालून धर. मी म्हणेपर्यंत ओढायचं नाही. आधी ओढून दमलो तर वेळेला जोर राहणार नाही.

टिटवी : मावशी, हात चिखलाने बुळबुळीत झालेत माझे.

मावशी : माझेही. कपड्यांना पूस आणि पुन्हा धर.

मामा : उतरतंय... उतरतंय... थांबतंय... थांबलं! अक्का, ओढ! ओऽऽढ!

मावशी : हेऽऽ!

टिटवी : हेऽऽ!

मावशी : मागे रेल! सगळं वजन दोरावर! हेऽऽ!

टिटवी : आवाज आला!

मावशी : चिखलातून चप्पल सुटावी तशी सुटतेय! सोडू नकोस, हेऽऽ!

टिटवी : सरकली! मावशी, सरकली!

मावशी : बोलू नकोस, ओढ!

मामा : काय झालं? हॅलो? अक्का? टिटवे? कुणीतरी बोला! ओव्हर! ओव्हर!

टिटवी : मामाऽऽ! तरंगलो! नाव डुलतेय! इकडून तिकडे डुलतेय!

मामा : चौकीदार! ए चौकीदार! तरंगली! माझ्या बहिणीची नाव तरंगली!

मावशी : ओढत राहा, टिटवे, अजून खोल. हां, आता पुरे. नांगर वर घे. आता सुरू करते इंजिन... अगं, पंखा मोकळा आहे! सुरू झालं!

टिटवी : बाक येतायत! एकामागोमाग एक, बदकाच्या पिल्लांसारखे! मामा, तुम्ही बघायला हवं होतं. आणि मावशी, तो बगळा शेवटच्या बाकावर जाऊन बसलाय!

मावशी : बसू दे. शिकेल चार अक्षरं.

मामा : अक्का, भोंग्याची वेळ झाली.

मावशी : बाळ्या.

मामा : बोल.

मावशी : साय कुणी खाल्ली होती?

मामा : ... मी.

मावशी : माहीत होतं. पण पाणी तू सोडलं नव्हतंस. आता सोड. रोपं वाट बघत असतील. ओव्हर.

मामा : शेवटचा शब्द काय म्हणालीस? पुन्हा म्हण.

मावशी : एकदाच म्हणते मी.

टिटवी : भोंगा वाजला! मावशी, इथवर ऐकू आला!

मामा : टिटवे, शेवटचं कळवतो. पट्टीवर पाणी पुन्हा चढायला लागलंय. तुमच्याकडे उतरत असेल. ओव्हर.

टिटवी : उतरत असेल, मामा. मी आत्ता बांबू खाली घालून बघितला. तळाला टेकत नाही.