डाल्यात कोण बसलं होतं

लिहा — दोन हजार तेवीसचं साल. देवउठनी होऊन लगनसरा नुकताच लागला होता, धान कापून खळ्यात आलं होतं, सकाळी बोललं का तोंडातून वाफ निघत होती. तारीख तुमच्या कागदावर आहेच. हो, पंजाबराव, तेच नाव, गाडी माझ्याच नावावर आहे. — नाही, पयले चहा प्या. नीतू, बाईले साखर कमी दे. सून आहे माझी, प्रवीणची बायको. — तुमी नागपूरच्या ना? स्नेहल सांगतलं नाव. मंग मराठीतच बोलतो. कंपनीचा पयला माणूस आला होता तो हिंदीत फडफड बोलून गेला, अर्धं मले नाही समजलं, अर्धं त्याले नाही समजलं.

गाडी पाहिली ना? खाली वाकून, टॉर्च लावून पाहिली, मी पाहून राहिलो होतो. पयल्या माणसानं उभ्याउभ्याच फोटो काढले होते — पँट मळन म्हणून. मागचा डावा पाटा, स्प्रिंगचा, लोंबून आहे आन् ज्या कड्यात तो अडकते ते कडं फाटलं आहे. तेच दिसलं ना तुमाले? मंग विचारता कावून? तुमच्याच कंपनीनं लिवून पाठवलं होतं का ते कडं फाटू शकते. होळीच्या टाइमाले प्रवीणच्या मोबाइलवर आलं, इंग्रजीत. नीतूनं वाचून सांगतलं — या गाड्यांच्या मागच्या पाट्यात खोट निघाली, गाडी आणा, फुकटात बदलून देऊ. मी म्हटलं, पाहा, याले म्हणते कंपनी! आपली चूक आपल्या तोंडानं सांगून राहिली. मी जन्म लोखंडाच्या प्लांटात काढला, बाई. तिथं रूळ खराब निघाला तर बाजूले काढत, पुन्हा वितळवत, त्यात कोणाचं नाक कापल्या जात नव्हतं. मले वाटलं हेबी तसंच.

गेलो मंग. हायवेवरच्या त्या काचेच्या शोरूमात. मी प्रत्येक वेळी संग गेलो, गाडी माझी. पयल्यांदा म्हणे तुमचा नंबर कॉम्प्युटर दाखवून नाही राहिला. दुसऱ्यांदा नंबर दाखवला, तर पार्ट नाही — आला का फोन करू. फोन आला का? नाही आला. पाणी पडून गेलं, गणपती गेले, फोन नाही. पुन्हा आमीच गेलो. तवा गाडी ठेवून घेतली दिवसभर. संध्याकाळी वापस दिली — धुतलेली, टायरले काळं पॉलिश, काचेवर हिरवा कागद चिपकवला. म्हणे काम हो गया. प्रवीणनं विचारलं, कडं बदललं का? तर तो काउंटरवरचा माझ्याकडे पाहून हसला — अंकल को भरोसा नहीं है. माणूस म्हणते झालं, कागद म्हणते झालं — मी का तिथं गाडीखाली झोपू? कॉम्प्युटरमधी झालं होतं. गाडीत नव्हतं झालं. ते तुमी आज पाहिलं.

गाडी अशी चमकून घरी आली तवा तो ओट्यावर बसला होता. इथंच, तुमी बसल्या तिथं. म्हणे — बने दुलही असन लागत हे महाप्रसाद, फेर रेंगही त जानबो. म्हणजे, नवरीसारखी दिसून राहिली, पण चालन तवा समजन. आमी सगळे हसलो.

कोण म्हणजे? तोच. जो मागे डाल्यात, माल ठेवते तिथं, बसला होता.

— हो, समजला मले तुमचा प्रश्न. कागदात रकाना आहे, त्यात नाव पायजे. होता एक माणूस. माझा मितान होता. — नाही, मितान हे त्याचं नाव नाही. आडनावबी नाही. तुमच्या नागपुरात नाही हे, इकडे छत्तीसगढात आहे. दोन माणसं देवापुढं बसते, पुरीच्या जगन्नाथाचा वाळलेला भात, महाप्रसाद म्हणते त्याले, तो एकमेकाच्या तोंडात देते, नारळ बदलते, आन् त्या दिवसापासून भावाच्या वरचं नातं. जात नाही विचारत, भाषा नाही विचारत. त्याचा बाप मेला तवा मी डोकं मुंडलं. माझी बायको गेली तवा तिले शेवटची आंघोळ त्याच्या बायकोनं घातली. आन् नेम एकच — मितानानं मितानाचं नाव घ्यायचं नाही. जन्मभर नाही. घेतलं का त्याचं आयुष्य तुटते म्हणते. तो मले महाप्रसाद म्हणे, मी त्याले महाप्रसाद. रस्त्यात भेटलो का सीताराम महाप्रसाद. बस. मी मनातबी नाही घेतलं कधी.

हसू नका. — नाही हसल्या? बरं. तो पयला माणूस हसला होता. विचारे, पीछे कौन था? मी म्हटलं मितान. म्हणे नाम बोलो. मी म्हटलं, नाव नाही घेत. म्हणे बोल नहीं सकते तो लिखके दो. अरे, लिवणं म्हणजे का वेगळं? तोंड न उघडता बोलणंच ते. मी त्याचा पेन वापस देला. त्यानं काहीतरी खरडलं आन् गेला. का खरडलं ते मले मागून समजलं — मालक नाव सांगाले तयार नाही, डाल्यात कोणी बसलं होतं हे मालक मानत नाही. मी मानत नाही! मी!

आता पोलिसात नाव आहे, दवाखान्यात आहे. पण कंपनी म्हणते, असन कोणी रस्त्यावरचा. तुमच्या गाडीतच होता हे कोण सांगते? प्रवीणनं सांगतलं. तर म्हणे डायवर आपली चूक झाकाले काहीबी बोलन, मालकाचं पायजे. मालक स्वतः गाडीत होता ना? हो, होतो. समोर होतो. — आन् तिथंच गयाबाईचा अर्ज अडकला. त्याची बायको. माझी मितानीन. गल्लीच्या त्या टोकाले निळा दरवाजा दिसते ना, ते घर. या वयात मुरमुऱ्याचे लाडू बांधून पावर हाउसच्या बाजारात बसते. माझ्या दारावरून जाते रोज, टोपली डोक्यावर. अगोदर सीताराम म्हणे. आता पदर ओढून निघून जाते.

नाही, तिनं पैसे नाही मागतले. ते पयलेच सांगतो. कोणी म्हणन बाई पैशासाठी मागे लागली — अजिबात नाही. तिचा नवरा कुठं मेला, कशानं मेला, इतकं एका कागदावर खरं लिहिलेलं पायजे तिले. त्यात का चुकलं तिचं?

तुमाले वाटत असन म्हातारा अडाणी आहे, एका नावासाठी अडून बसला. शिकलो नाही जास्त, ते खरं. पण ऐका. मी भंडाऱ्याकडून इकडे आलो तवा ठेकेदाराकडे रोजीवर होतो. कच्चा माणूस, ना पास ना विमा. गरम लोखंड आलं या पायावर. हा पाहा — तवापासून दुमडत नाही. ठेकेदार म्हणे हा माणूस आमचा नाहीच, आतमधी आलाच नव्हता. हजेरीतून नाव खोडलं. चौकशीले साहेब लोक बसले, मले खाटेवर नेलं होतं, आन् सगळे रोजीवाले खाली पाहून उभे. मी कोणाले दोष नाही देत, पोट सगळ्याले आहे. त्यातून एकजण पुढं आला. छत्तीसगढी माणूस, माझी त्याची धड वळखबी नव्हती. म्हणे, पंजाबराव होता. माझ्या बाजूले होता. मी पाहिलं. इतकंच बोलला आन् मागं सरला. त्याची रोजी गेली त्याच्यापायी. माझा इलाज झाला, मंग मी प्लांटात परमनंट लागलो, लग्न झालं, हे घर झालं. सगळं त्याच्या त्या बोलण्यावर उभं आहे. मितान आमी त्याच्यानंतर झालो. अगोदर झालो असतो तर त्यालेबी माझं नाव घेता नसतं आलं, आन् मी तिथंच मेलो असतो. हे मी कधी कोणाले बोललो नाही. मलेबी आताच सुचलं.

चहा थंडा झाला तुमचा.

त्या दिवशीचं लिहा. बोरसीले लग्नाचा मंडप होता. प्रवीणचा टेंटचा धंदा — पाइप, कनाती, खुर्च्या, कढया. लगनसऱ्यात माणसं भेटत नाही, त्याचे दोघं गडीबी आले नाही. मीच त्या निळ्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, महाप्रसाद, चाला जरा. मितान नाही म्हणत नसते. कपात अर्धा चहा तसाच ठेवून उठला. गयाबाई म्हणे, जेवून तरी जा. तर म्हणे, लग्नाच्या घरी चाललो, तिथं का उपाशी ठेवन?

गाडीत समोर डायवरजवळ एकच जागा. पाइप घसरून राहिले होते, मागे धरून बसाले कोणी पायजे होतं. मी म्हटलं मी बसतो मागे. माझी गाडी, माझा पोरगा, माझं काम — मागे मीच बसाले पायजे होतो ना? मी डाल्यावर हातबी ठेवला होता. तो माझ्या पायाकडे पाहून म्हणे — तुँहर गोड़ नइ मुड़य महाप्रसाद, तुमन आगू बइठव. तुमचा पाय दुमडत नाही, तुमी समोर बसा. आन् चढला वर. म्हणे, मी मागे राजासारखा बसतो, बस बाजेवाल्याची कमी आहे. मी म्हटलं चूप बसा, म्हाताऱ्यानं इतकं नाही हसावं. हे शेवटचं बोललो मी त्याच्यासंग — चूप बसा.

ओव्हरब्रिज उतरताना आवाज आला. लोखंड तुटल्याचा आवाज मले कोणी समजवाले नको. गाडी डाव्या अंगानं बसली, म्हैस बसते तशी, आन् मागचे पाइप सगळे त्याच बाजूले गेले. प्रवीणनं पलटू नाही देली गाडी, हेबी लिहा — तेव्हापासून पोरानं स्टेअरिंगले हात लावला नाही, रायपूरले दुसऱ्याच्या दुकानात उभा राहते, गाडीचं नाव काढलं का ताटावरून उठते. मी उतरलो. पाय असा, मले उतराले वेळ लागला. तो खाली रस्त्यावर होता, पाइप त्याच्या छातीवर. डोळे उघडे होते. लोक जमा झाले, कोणीतरी ओरडून राहिलं होतं — नाव घेऊन हाक मारा, नाव घेऊन हाक मारा, झोपू देऊ नका. मरत्या माणसाले नाव घेऊनच बोलवते ना वापस? सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले, का याचा माणूस आहे, हाच बोलन. आन् मी महाप्रसाद, महाप्रसाद करून राहिलो. लोकाले वाटलं म्हातारा देवाचं काही मागून राहिला.

…

नाही, ठीक आहे. पाणी नको.

नाव घेतलं असतं तर थांबला असता का? नसता थांबला. डॉक्टर म्हणे छाती फुटली होती. मी विचारलं डॉक्टरले. तरी विचारलं.

मंग तुमी म्हणाल, आता तर गेला, आता कशाचं आयुष्य तुटते? गयाबाईबी हेच म्हणे. तेरवीच्या दिवशी म्हणे, सगळ्यांपुढं — नाव ला धरे रइहौ त का वो लहुट के आ जाही? नाव धरून बसान तर का तो वापस येईन? मी उठून आलो. रागानं आलो असं सगळ्याले वाटलं. राग नव्हता. नाव नाही घेतलं तोवर तो माझा मितान आहे, बाई. घेतलं का मंग सगळ्यांसारखा एक मेलेला माणूस. तेवढंच राहिलं होतं माझ्याजवळ त्याचं. तिच्याजवळ घर आहे, पोरी आहे, त्याची सायकल आहे. मले का आहे?

तो डब्बा उघडा जरा. हो, तुमी आणला तो. — हे? नवीन कडं? द्या हातात. … वजन चांगलं आहे. लोखंड चांगलं आहे. धारबी साफ आहे. होळीले कुठं होतं हे? कोणत्या खोलीत पडलं होतं? — नाही, तुमाले नाही विचारत, तुमी तर आता नोकरीले लागल्या. असंच विचारलं. फिट करून द्याल म्हणता? कोणाले? या गाडीत आता कोण बसते?

कडं नको. घेऊन जा.

पेन काढा. तो रकाना उघडा, जिथं त्या माणसानं खरडलं होतं. त्याच्या खाली लिहा, मी बोलतो तसं लिहा, सुधारू नका. नीतू, दरवाजा लाव. नाही — राहू दे, उघडाच राहू दे. निळ्या दारापर्यंत ऐकू गेलं तरी चालन.

थांबा.

…

हिरालाल.

हिरालाल देवांगन, राहणार खुर्सीपार. हिरालाल होता. माझ्या मागे होता. मी पाहिलं.

लिहिलं? कुठं सही करू — इथं? … घ्या. तुमचा डब्बा उचला. या आता.