साळुंखेसाहेबांची मिल

सुमनवहिनी, निखिल, ऑफिसातली मंडळी आणि सोसायटीतले शेजारी, तुम्ही सगळे आवर्जून आलात. नेरूळच्या याच हॉलमध्ये साळुंखेसाहेबांच्या शेजारी बसून मी कितीदा गणपतीचं जेवण जेवलोय. आज त्यांच्या फोटोसमोर उभं राहून बोलायचंय. जमेल तसं बोलतो. मध्येच अडकलो, तर सांभाळून घ्या.

आम्ही दोघं बेलापूरच्या ऑफिसात शेजारी बसायचो. सोन्याच्या प्लांटची कामं करायचो. सोनं म्हटलं की लोक विचारतात, "आम्हाला काय आणलं?" अहो, आमच्या नशिबी नुसता दगड! खाणीतला दगड मिलमध्ये जातो. मिल म्हणजे फिरणारं भलंमोठं लोखंडी पिंप, आत पोलादी गोळे. ते दगडाचं पीठ करतात. मग त्यातून सोनं काढायचं.

घानातल्या एका प्लांटला तासाला जास्त दगड दळायचा होता. त्यांनी काय केलं? नुसता जास्त दगड ओतला. मिलचा खडखडाट कमी झाला. सगळे खूश, बघा कशी मऊ चालतेय! साहेबांनी फोनवर तो आवाज ऐकला आणि इंग्रजी विसरून मराठीतच ओरडले, "अरे, पोट गच्च झालंय तिचं! खायला कमी द्या!" गोळे दगडात रुतून बसले होते. दळणार कोण?

साहेबांचं म्हणणं साधं होतं. दगड आधी बारीक फोडा, मग मिलमध्ये घाला. मला म्हणाले, "आईला दात नव्हते. सुमन सुपारी आधी अडकित्त्यानं कातरायची, मग खलबत्त्यात घालायची. अख्खी कुटत बसली असती तर संध्याकाळ झाली असती." पण दगड फोडणारा नवा क्रशर बसवायचा म्हणजे प्लांट काही काळ बंद. वरचे लोक ऐकेनात. साहेब चिडायचे, भांडायचे, समोरचा चहा गार व्हायचा. पण सोडलं नाही.

शेवटी क्रशर बसला. तिथले मुख्य इंजिनिअर क्वामे, त्यांनी आग्रह केला, "या, मिल सुरू करायचं बटण तुम्हीच दाबा." साहेब गेले का? नाही गेले. व्हिसा होता, पिवळ्या तापाची लस टोचून झाली होती. मी म्हटलं, "जा ना, साहेब." तर म्हणे, "साखरपुड्यातच नाचायची मला सवय नाही. आधी ती नीट दळू दे, मग जातो." असा हट्टी माणूस! कशाला थांबलात, साहेब? गेला असतात तर काय बिघडलं असतं?

सोमवारी त्यांचं हृदय बंद पडलं. गुरुवारी क्वामेंचा फोन आला. मिल पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दगड घेतेय, आणि पीठ तितकंच बारीक. हे ज्यानं ऐकायचं, तोच नव्हता. फोन ठेवला आणि मी रडलो. फार वाईट वाटतं हो.

क्वामेंनी विचारलंय, आज आपण इथे उभे राहू तेव्हा तिकडची मिलही दोन मिनिटं बंद ठेवू का? मी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नको, भावजी. ती चालावी म्हणून यांनी रक्त आटवलं. त्यांच्या नावानं बंद नका करू."

चला मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं आपण गप्प राहू. तिकडे मिल दळत राहील.