हळद लागलेल्या दोन थप्प्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शेतबांध वृक्ष उत्पादक गटाचे प्रमुख आदरणीय चांगदेव आप्पा, आमच्या कारखान्याचे मालक अझरुद्दीन शेठ, मधल्या खुर्चीवर बसायला नको म्हणणाऱ्या आणि तरीही बसवलेल्या सत्कारमूर्ती सोजराबाई, कवठे येमाईहून आणि दौंडहून आलेली त्यांची मंडळी, आणि आज मशिनं बंद असल्यामुळे प्रथमच एकमेकांचं बोलणं ऐकू येत असलेले माझे सर्व सहकारी,

मी प्राची. आमच्या कारखान्यात दारं-खिडक्या बनतात. त्यात जाणारं लाकूड कसं आहे आणि ते आलं कुठून, या दोन गोष्टी तपासणं हे माझं काम. मला भाषणाची सवय नाही, अहवालाची आहे. म्हणून आधी घडलेलं क्रमाने सांगते.

१. सोजराबाई आमच्या लाकूड यार्डच्या प्रमुख. आज त्या निवृत्त होत आहेत.
२. चांगदेव आप्पांच्या गटातल्या शेतकऱ्यांनी बांधावर साग, बाभूळ, कडुनिंब वाढवला आहे. त्या लाकडाला प्रमाणपत्र मिळावं म्हणून गट अर्ज करतो आहे.
३. अर्जात गटाच्या तपासनिसाचं नाव लागतं. झाड कोणाच्या बांधावरचं, तोडायची परवानगी आहे का, बुंध्यावरचा आणि ओंडक्यावरचा नंबर एकच आहे का, हे या माणसाने बघायचं. जुळलं नाही तर माल परत पाठवायचा.
४. गटाने एकमताने सोजराबाईंचं नाव सुचवलं.
५. सोजराबाई नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाल्या.
६. अर्ज सोमवारी जायचा आहे. नावाची जागा कोरी आहे. ती कोरी राहिली, तर या वर्षीचा गटाचा सगळा माल साध्या लाकडाच्या भावात जाईल.
७. आज मी त्यांना तिसऱ्यांदा विचारणार आहे, सर्वांसमोर. हे त्यांना आत्ताच कळतं आहे.

मावशी, माझ्याकडे असं बघू नका. हार घातलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे हिशेबात धरूनच आजचा दिवस निवडला आहे.

आता थोडं मागे जाते. मी इथे रुजू झाले त्या दिवशी यार्डच्या फाटकावर मावशींनी मला अडवलं. "गाव कोणतं?" मी म्हटलं, पुणे. "पुण्यात तर समदेच ऱ्हात्यात. त्याच्या आदी कुठलं?" मी म्हटलं, वडील पुण्यातच वाढले. "आन् आजोबा?" शेवटी दौंड तालुक्यातल्या एका वाडीचं नाव बाहेर आलं, जिथे मी आयुष्यात दोनदा गेले असेन. तेव्हा कुठे मावशींनी फाटक उघडलं. म्हणाल्या, "आता कसं! नुसतं पुणं म्हंजी काय पत्ता झाला व्हय?"

मला तेव्हा राग आला होता. तसं मी त्यांना कळू दिलं नाही. नंतर लक्षात आलं, की त्या हेच प्रत्येक ट्रकवाल्याला विचारतात. एकदा एक जण ताडपत्री सोडत म्हणाला, "माल शिक्रापूर से आया है, भाभीजी." मावशी म्हणाल्या, "शिक्रापुरला काय जंगल हाय व्हय रं? गोडाऊन हाय. झाड कुठं उभं व्हतं ते सांग." त्याने मालकाला फोन लावला. मालकाने त्याच्या मालकाला लावला. ट्रक फाटकाबाहेरच उभा राहिला, आणि ड्रायव्हरला मात्र मावशींनी आत बोलावून भाकरी-पिठलं वाढलं. माणसाचं पोट आणि मालाचा कागद या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

प्रमाणित लाकूड म्हणजे तरी काय? जिथे झाड तोडलं तिथे पुन्हा झाड लावलं जातं, ती जमीन कोणाकडून बळकावलेली नाही, तोडणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला आहे, आणि तिथपासून आमच्या रंध्यापर्यंत ते ज्या ज्या हातातून आलं त्या प्रत्येक हाताचा पुरावा आहे. मधला एक हात जरी गायब झाला, तरी लाकूड कितीही सुंदर असो, ते प्रमाणित राहत नाही. हे समजावायला मी एक सादरीकरण केलं होतं. चित्रं होती, बाण होते. सर्वांनी शांतपणे ऐकलं. मग मावशी म्हणाल्या, "म्हंजी एका खणात सोयरे आन् दुसऱ्या खणात पाव्हणे." सोयरे म्हणजे गाव-घर विचारून, खात्री करून जोडलेले. पाहुणे म्हणजे आले आहेत, चहा द्या, पण घरातले समजू नका. त्या दिवसापासून आमच्या यार्डात हीच दोन नावं चालतात. माझ्या बाणांची आठवण आज कोणालाही नसेल.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. बऱ्याच जणांना तो माहीत आहे आणि ज्यांना माहीत आहे ते आत्तापासूनच नवनाथकडे बघून हसत आहेत. नवनाथ आमचे आरा मशिनवाले. आम्ही सगळे सोजराबाईंना मावशी म्हणतो, पण त्यांचे खरे भाचे हे एकटेच. सख्ख्या बहिणीचा मुलगा.

एका शाळेच्या ग्रंथालयाच्या दारांचं काम आलं होतं. अट एकच, सागवान प्रमाणित हवं. तो माल यार्डात येऊन पडला होता. शेजारीच तेवढ्याच लांबीरुंदीची, तशीच दिसणारी दुसरी सागवानाची थप्पी होती, तिचे कागद अर्धवट होते. म्हणजे एक थप्पी सोयऱ्यांची, एक पाहुण्यांची. ओळख दोन गोष्टींनी. थप्पीला बांधलेलं कार्ड, आणि सोयऱ्यांच्या फळ्यांच्या टोकाला पिवळ्या खडूची रेघ. खडू कोणी निवडला होता, हा आजचा विषय नाही.

खंडेनवमी आली. पूजेची जबाबदारी नवनाथने घेतली आणि काटेकोरपणे पार पाडली. मशिनं पुसली. यार्ड झाडलं. थप्प्यांची टोकं ओल्या फडक्याने स्वच्छ केली. पूजेत चिठ्ठ्या लोंबकळत असलेल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून सगळी कार्डं सोडली. रंधा मशिनवरच्या सिद्दीकमामांनी नारळ आणले, झेंडूचे हार त्यांनीच बांधले. मग प्रत्येक थप्पीला पाच बोटं हळद आणि वर कुंकू. मी पोहोचले तेव्हा यार्ड लग्नघरासारखं दिसत होतं.

मी विचारलं, "कार्डं कुठे आहेत?"

"हायेत की मॅडम! एक बी हरवलं न्हाई. रबर लावून नारळापाशी ठिवल्यात."

"यातलं कुठलं कोणत्या थप्पीचं?"

नवनाथ म्हणाला, "ते तुमाला म्हाईत आसंल ना."

मला माहीत नव्हतं. खडू पुसला गेला होता आणि पिवळं तर आता सगळंच होतं.

सिद्दीकमामा म्हणाले, "डावी थप्पी सोयऱ्यांची. डोळं झाकून सांगतो."

"मामा, तुमी डोळं झाकूनच सांगताय. उजवी हाय," नवनाथ म्हणाला.

"आरं, मी रंध्यावर बसतो, मला फळी कळत न्हाई?"

"कळती ना. मागच्या महिन्यात चौकटीचं माप बी कळलं व्हतं."

हे बराच वेळ चाललं. शेठ आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि शेवटी सोजराबाईंना बोलावलं. "मावशी, तुम्ही उतरवून घेतलाय माल. डावी का उजवी? तुम्ही म्हणाल ते."

मावशी दोन्ही थप्प्यांना फेरी मारून आल्या. म्हणाल्या, "मला डावीच वाटती."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सिद्दीकमामांनी नवनाथच्या पाठीवर थाप मारली. कोणी तरी कार्डही उचललं. तेवढ्यात मावशी पुढचं वाक्य बोलल्या.

"पर वाटतंय म्हंजी म्हाईत न्हाई. दोन्ही थप्प्या पाव्हण्यांत टाका."

नवनाथचा चेहरा उतरला. "मावशे, आगं शाळेची ऑर्डर हाय ती! तारीख चुकली तर शेठ मला काढत्याल."

"काढू देत. माझ्याकडं जेवायला यी. पर थप्पी सोयऱ्यांत जायाची न्हाई."

मी तिथे उभी होते. नियम मला पाठ होता आणि नियम त्यांच्याच बाजूने होता. पण त्या क्षणी तो मोठ्याने बोलला गेला तो त्यांच्या तोंडून, आणि स्वतःच्या भाच्यासमोर.

शेठ फोन घेऊन फाटकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "शाळेने आधी झापलं, मग नवी तारीख दिली. नवनाथ, रडू नकोस, तुला कोणी काढत नाही. चहा सांग." नवा माल मागवला गेला. त्या दोन थप्प्या साध्या कामाला वापरल्या. समोरचं हे टेबल, ज्यावर नारळ आणि शाल ठेवली आहे, ते त्यातलंच आहे. कोणत्या थप्पीतलं, ते मला आजही माहीत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या कारखान्याचं प्रमाणपत्र तपासणारे ऑडिटर आले. सोयऱ्यांचा खण रिकामा बघून त्यांनी मावशींना विचारलं, "इथला माल कुठे गेला?"

मावशी म्हणाल्या, "हळद लागली त्यास्नी. सोयरीक मोडली."

ऑडिटरांनी माझ्याकडे बघितलं. मी सर्व घटनाक्रम सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, पेन ठेवलं, आणि बराच वेळ रुमाल तोंडाला लावून बसले. मला वाटलं प्रमाणपत्र गेलं. ते हसत होते. आमचं प्रमाणपत्र तसंच राहिलं. त्यानंतर खंडेनवमीला कार्डं सोडली जात नाहीत. आता कार्डालाच हळद-कुंकू लागतं. पूजा होते आणि पुरावाही राहतो. ही सुधारणा नवनाथची आहे, याची नोंद सभागृहाने घ्यावी.

हा प्रसंग मी निव्वळ हसवण्यासाठी सांगितलेला नाही. मावशी गटाला नाही का म्हणाल्या, ते मी त्यांना विचारलं होतं. आधी म्हणाल्या, शिकलेलं माणूस बघा. मग म्हणाल्या, सविताकडे, म्हणजे लेकीकडे, दौंडला राहायला जायचं ठरलं आहे. शेवटी खरं बोलल्या. "प्राची, ट्रकवाला परका आसतो. त्याला न्हाई म्हणाया काय लागतं? गटात माझा भाऊ म्हाळू हाय. म्हाळूच्या बांधावरची तीन झाडं त्याची का शेजाऱ्याची, ह्यावर दोन पिढ्या भांडान हाय. तिथं जाऊन मी भावाला न्हाई म्हणू? माहेर तुटंल माझं."

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मला भाऊ नाही आणि माझं कोणत्याही बांधावर झाड नाही. त्यामुळे यावर सल्ला देण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. पण मावशी, परक्यालाच नाही म्हणता येतं, हे तुमचं विधान तपासलं तर टिकत नाही. हळदीच्या दिवशी तुमच्यासमोर कोण उभं होतं? नवनाथ. आणि आज त्या खुर्च्या कोणी लावल्या? तुमच्या साडीचा रंग निवडायला शिरूरच्या दुकानात अर्धा दिवस कोण बसलं? तोच. तुम्ही नाही म्हटलं आणि नातं राहिलं. एवढंच नाही, तर त्याच्या हातची कार्डं तेव्हापासून कधी चुकलेली नाहीत.

म्हाळूआप्पा इथेच तिसऱ्या रांगेत बसले आहेत. आप्पा, तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या झाडांचा उल्लेख केला, त्याबद्दल... काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला. आप्पा म्हणतात, "ती ल्हानपणापसनं मला न्हाईच म्हणती. आता पगार घिऊन म्हणंल, एवढाच फरक."

धन्यवाद आप्पा. हे मी ठरवून आणलेलं नाही. पण उपयोगी पडलं.

राहिला प्रश्न दौंडचा. गटातल्या निम्म्या शेतकऱ्यांची शेतं दौंड तालुक्यातच आहेत, भीमेच्या काठाला. मी नकाशावर बघितलं आहे. सविताताईंच्या घरून ती शेतं तुमच्या कवठे येमाईपेक्षा जवळ पडतात. बाकीच्या शेतांसाठी शिरूरच्या बाजूला येताना गटाची गाडी येईल, चांगदेव आप्पांनी तसं कबूल केलं आहे. ते आत्ता मान हलवत आहेत, सर्वांनी बघून ठेवावं. आणि शिकलेलं माणूस हवंच असेल, तर कागदाचं काम मी करीन. सुट्टीच्या दिवशी. हे मी शेठना विचारूनच बोलते आहे.

चांगदेव आप्पांना मी म्हटलं होतं, की हुशार माणूस तालुक्यात कुठेही मिळेल. झाड ओळखणारा, माप घेणारा, सही करणारा. पण स्वतःला वाटत असूनही "मला माहीत नाही" असं आपल्या माणसांत म्हणणारा माणूस मिळायला वेळ लागतो. आम्हाला तो आयता मिळाला होता.

मावशी, तुमच्या जागी यार्डात उद्यापासून नवनाथ आहे. फाटकावर तो गाव विचारायला लागला आहे. काल मलाच विचारलं.

शेठनी हा समारंभ केला, कारेगावच्या या कार्यालयाने उद्याचं लग्न असूनही आज सभागृह दिलं, सिद्दीकमामांनी स्वयंपाकावर देखरेख केली, त्या सर्वांचे आभार. कोणाचं नाव पुढेमागे झालं असेल, कोणाचा किस्सा त्यांना न विचारता सांगितला गेला असेल, तर तो दोष माझा समजावा आणि जेवताना पोटात घालावा.

मावशी, शेवटची विनंती. अर्ज सोमवारी जातो. रविवारी संध्याकाळपर्यंत मला किंवा चांगदेव आप्पांना हो किंवा नाही कळवावं. "बघू" असं उत्तर आलं, तर ते पाहुण्यांच्या खणात ठेवलं जाईल.