मल्लेशची पिन

—आता आटवन झाली व्हय धोंडिरामची? रागावलो न्हाई, अंबूमावशी, रागवू कशाला? अठरा वर्सं तुमच्या घरची केबल कुनी जोडली? मीच की. आन् चार दिसांमागं टीव्हीची वायर बदलायची तर बोलावलं कुनाला — मल्लेशला! का? तर त्याच्याकडं पिन दाबायचं मशीन हाय. आवो, वायरच्या टोकाला पिन बसवायला मशीन कशाला लागतंय? मी दातानं साल सोलतो, वरची जाळी मागं दुमडतो, मधली तांब्याची तार पुढं ठिवतो, हातानं पिन पिळतो — झालं. त्यानं टक्कन दाबलं की सगळी गल्ली मल्लेश-मल्लेश! शेंगापोळी खाल्ली म्हनं त्यानं हितं. मला अठरा वर्सांत नुसता चहा.

जाऊ द्या. सोमवारपासनं चित्र न्हाई? कसं असंल! जाळीची एक तार मधल्या तारेला चिकटलीय, दुसरं काई न्हाई. अजून उघडलं न्हाई, तरी सांगतो. मशीनवाल्याचं काम असंच. थांबा, पत्र्याखाली जोड हाय... हां, बघा, खालनं दिसतंय न्हवं? सायकलच्या ट्यूबची पट्टी, तीन वेढे, वर गाठ — पावसाचा थेंब आत जाईल तर शप्पत! असा जोड बांधनारा अख्ख्या सोलापुरात एकच मानूस, मल्लेशला जल्मात जमायचं—

न्हाई, म्हंजे... त्यो बी बांधत असंल. तुमी अशा काय बघताय?

बरं. सोमवारी तुमी मंगळवेढ्याला लेकीकडं गेलता, तवा चढलोतो. नुसतं बघाया, आईशप्पत. म्हनलं, खोट काडावी त्याच्या कामात — आन् खोटच न्हाई हो! एवढी साफ पिन माज्या हातनं कवा बसली न्हाई. लई जळलो, मावशी. तोडली ती, माझी बसवली, एक तार मुद्दाम आत दाबली — आन् हाताला मेली सवय, पट्टी बी गुंडाळून आलो.

हसू नका की. मी करतो नीट, दोन मिन्टात. फोन कशाला पुढं करताय? मी बोलू? मल्लेशशी? मावशी, एवढं नका कराया लावू... बरं, द्या.

हालो. मल्लेश? मी धोंडिराम. अंबूमावशीकडं ये जरा. न्हाई रं, तुझं काम न्हाई बिघडलं. तुझा जोड... तुझा जोड चांगला हुता.

ठिवतो.