रिकाम्या नळीतून वळलेला प्रकाश

आदरणीय अध्यक्ष टिकारामजी बिसेन, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, आणि धानाची कामं बाजूला ठेवून आलेल्या माझ्या मायबहिणींनो,

मी या शाळेची मुख्याध्यापिका चंद्रकांता, आणि सत्कारमूर्ती निशाची आत्या. बोलायला उभी राहिले खरी, पण सत्कार नेमका कशाचा, याबद्दल माझाच गोंधळ आहे.

निशा बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत असते. "आत्या, मी अणूंमधला समताभंग मोजते," असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा मी म्हटलं, "त्यासाठी तिकडं कायले गेली? तो तर इथंबी भरपूर आहे!" मग तिनं समजावलं. निसर्ग डावं-उजवं सारखंच मानतो, असं आपल्याला वाटतं. अणूच्या आत मात्र तो एका बाजूला किंचित झुकतो. तापलेल्या नळीत शिशाची वाफ करायची, तिच्यातून लेझरचा प्रकाश सोडायचा. त्याच्या कंपनाची दिशा अगदी नकळत वळते. ते वळणं मोजायचं. मला कळलं का? अर्धंच.

तिला ते सापडलं. वर्तमानपत्रात फोटो आला, आपण हा कार्यक्रम ठरवला. आणि मागच्या आठवड्यात तिचा फोन: "आत्या, कार्यक्रम रद्द कर. ते चूक निघालं."

"काऊन? झालं काय?"

"नळी रिकामी ठेवून पाहिली. तरी प्रकाश तेवढाच वळला. ते अणूंचं नव्हतंच, नळीच्या टोकांच्या तापलेल्या काचांचं होतं. मी सगळ्यांना कळवून टाकलं."

परवा माझा भाऊ दुधराम, निशाचा बाप, तिला आणायला कोहमाऱ्याच्या बसथांब्यावर गेला. ती बसमधून उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं, "रिकामी नळी पाहाची काय गरज होती? कोणाले समजत होतं?"

ती म्हणाली, "बाबा, मले शंका येऊन राहिली होती ना."

दोघं घरी आली. जेवताना दुधराम मला हळूच म्हणाला, "ताई, हे हारणं आहे का जिंकणं?" इतकी वर्षं मुलांची उत्तरं तपासली, पण याला गुण किती द्यायचे?

कार्यक्रम मी रद्द केला नाही. निशा आता परत जाऊन नव्या काचा बसवणार, पुन्हा पहिल्यापासून मोजणार. आज सकाळी दुधराम तिच्याजवळ जाऊन बसला. तिचं काम समजून घ्यायला त्यानं आजवर कधी काही विचारलं नव्हतं. म्हणाला, "आता कोणती काच लावशील? सांग मले."

आपण सारे आलात, मनापासून आभार. विज्ञान सांगताना माझं कुठं चुकलं असेल, तर निशा समोरच बसली आहे, ती दुरुस्त करेल. बाकीचं आपण पोटात घाला.

निशा, ये बेटा, वर ये.